थंडीत फ्लोरिडा: मुलांना घेऊन मॅनटी बघायला कसं जावं

पूर्ण वाढलेली मॅनटी साधारण दहा फूट लांब आणि चार-पाचशे किलो वजनाची असते. दिवसभर पाणवनस्पती खाणारा, कुणाच्या वाटेला न जाणारा हा सस्तन प्राणी एवढा अगडबंब असूनही त्याला थंडी सोसत नाही. अंगावर चरबीचा थर जेमतेम आणि शरीरात उष्णता तयार होण्याचा वेगही मंद. त्यामुळे पाणी २० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ६८ अंश फॅरनहाइटच्या खाली जाऊन तिथेच राहिलं, तर मॅनटीचा जीव धोक्यात येतो. मध्य फ्लोरिडात जमिनीखालून वर येणाऱ्या झऱ्यांचं पाणी मात्र बारा महिने २२ अंशांच्या आसपास असतं. म्हणून हिवाळ्यात समुद्रातल्या आणि नद्यांमधल्या मॅनटी या झऱ्यांकडे येतात, आणि म्हणूनच त्या आपल्याला बघायला मिळतात.

सहलीचं सगळं नियोजन या दोन आकड्यांवर अवलंबून आहे. आणखी एक गोष्ट मनात पक्की असू द्या: आपण जिथे जाणार आहोत तिथे मॅनटी खेळायला आलेल्या नसतात, त्या जीव वाचवायला आलेल्या असतात. त्यांना ऊब सोडून थंड पाण्यात जावं लागेल असं आपल्या हातून काहीही होता कामा नये. पुढचा सगळा सल्ला त्यातूनच आलेला आहे.

केव्हा जावं

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. त्यातही डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. एखादी रात्र गार पडून भागत नाही. सलग काही दिवस थंडी राहून नदीचं पाणी उतरावं लागतं. म्हणून हवामानाच्या अंदाजात थंडीची लाट कधी येते आणि किती दिवस टिकते ते बघा. लाट आल्यानंतरची दुसरी-तिसरी सकाळ साधली तर उत्तम. उन्हं वर आली की बऱ्याच मॅनटी चरायला नदीत निघून जातात, त्यामुळे पहाटे उठायची तयारी हवी.

नाताळची सुट्टी आणि संक्रांतीच्या आसपास येणारा मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा लाँग वीकेंड, या दोन वेळा भयंकर गर्दीच्या. मुलांच्या शाळेमुळे दुसरा पर्याय नसेल तर जा, पण जमत असेल तर शुक्रवारी एक दिवस रजा टाका आणि साधा शनिवार-रविवार धरा. फरक लगेच जाणवतो.

मुक्काम कुठे करावा

पहिल्यांदा जाणाऱ्या आणि लहान मुलं बरोबर असलेल्या कुटुंबाला मी डोळे मिटून ब्लू स्प्रिंग स्टेट पार्क सुचवेन. हे ऑरेंज सिटी या गावाजवळ, सेंट जॉन्स नदीच्या काठी आहे. ऑरलँडोहून तासाभराच्या आत पोहोचता येतं. झऱ्यापासून नदीपर्यंतचा ओहोळ जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीचा आहे आणि त्याच्या कडेने लाकडी पायवाट बांधलेली आहे. पाणी इतकं नितळ की वरून मॅनटीच्या पाठीवरचे व्रण मोजता येतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, हे पार्क झालं तेव्हा, इथे हिवाळ्यात काही डझन मॅनटी यायच्या. २०२४च्या जानेवारीत एका सकाळी नऊशेहून जास्त मोजल्या गेल्या. भारतातून आलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर ही पायवाट वरदान आहे. त्यांना होडीत बसायचं नसलं तरी मॅनटी दिसणार म्हणजे दिसणारच.

इथे तंबू टाकून राहण्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी पार्किंग भरलं की पार्कचं फाटक बंद होतं. बाहेर गाड्यांची रांग लागते आणि कित्येकांना आल्या पावली परत जावं लागतं. तुम्ही मात्र रात्रीपासून आतच असता. पहाटे तंबूतून उठायचं, अंगावर जाड जॅकेट चढवायचं आणि चालत ओहोळावर जायचं.

एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. मॅनटींच्या हंगामात ब्लू स्प्रिंगच्या ओहोळात पोहायला, डुंबायला किंवा कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी निमुळती होडी, न्यायला पूर्ण बंदी असते. कयाक चालवायची ती बाहेर, सेंट जॉन्स नदीत. तिथे मॅनटी ये-जा करताना दिसतात, पण नदीचं पाणी चहाच्या रंगाचं असल्यामुळे बहुतेक वेळा नुसतं नाक दिसतं.

मुलं दहा-बारा वर्षांच्या पुढची असतील आणि कयाकमधूनच स्वच्छ पाण्यातल्या मॅनटी बघायच्या असतील, तर पश्चिम किनाऱ्यावरचा सिट्रस काउंटीचा परिसर बघा. क्रिस्टल रिव्हर हे त्याचं मुख्य ठिकाण. टँपाहून दीड तास, अटलांटाहून साडेसहा-सात तास. इथल्या किंग्ज बे या उपसागरात अनेक झरे आहेत आणि १९८३ पासून मॅनटींसाठी राष्ट्रीय अभयारण्य आहे. मुक्कामासाठी मला इथून थोडं दक्षिणेला, चॅसहोविट्स्का नदीवरचं काउंटीचं कॅम्पग्राउंड आवडतं. गर्द झाडी, कयाक भाड्याने मिळायची सोय, आणि नदीत उतरलं की काही मिनिटांतच झरे.

ओकालाजवळचं सिल्व्हर स्प्रिंग्ज हा तिसरा पर्याय. तिथे मॅनटी कमी दिसतात, पण कयाक शिकायला ही नदी छान आहे. शिवाय झाडांवर चक्क रीसस माकडं दिसतात. १९३०च्या दशकात बोटीच्या सहली चालवणाऱ्या एका माणसाने ती सोडली आणि त्यांचं कुळ वाढत गेलं. मुलांना गंमत वाटेल, पण लांबूनच. ती चावतात आणि त्यांच्यापासून माणसाला गंभीर विषाणूसंसर्ग होऊ शकतो.

आरक्षण

फ्लोरिडाच्या स्टेट पार्कमधल्या जागा राज्यातल्या रहिवाशांना ११ महिने आधी आणि बाहेरच्यांना १० महिने आधी आरक्षित करता येतात. जानेवारीतले शनिवार-रविवार आरक्षण उघडताच संपतात. पण आशा सोडू नका. लोक बेत रद्द करत असतात. प्रवासाच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत रोज सकाळी एकदा वेबसाइट तपासा, दोन रात्रींऐवजी एक रात्र टाकून बघा, रविवार ते मंगळवार बघा. एका जागेवर जास्तीत जास्त आठ माणसं राहू शकतात, त्यामुळे दोन मित्रकुटुंबं मिळून एक जागाही पुरते. कयाकचं आरक्षण त्याच दिवशी करून टाका. हंगामात ऐन वेळी दोन माणसांच्या कयाक मिळत नाहीत.

तंबू आणि थंडी

फ्लोरिडा म्हणजे उकाडा, हा समज घरीच ठेवून निघा. जानेवारीत दुपारी २० अंश असतात आणि पहाटे ५, कधी शून्याच्या जवळ. ओलावा असल्यामुळे ती थंडी जास्त बोचते. गोठणबिंदूपर्यंत चालणाऱ्या स्लीपिंग बॅग घ्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाली टाकायला जाड गादी किंवा फोमच्या चटया. थंडी जमिनीकडून येते. चारजणांच्या कुटुंबाला सहाजणांचा तंबू लागतो, कारण पाकिटावरचा आकडा फक्त झोपलेल्या माणसांचा असतो, त्यांच्या बॅगांचा नाही. निघायच्या आधीच्या शनिवारी तो अंगणात किंवा सोसायटीच्या मैदानावर एकदा उभा करून बघा.

कितीही थंडी वाजली तरी तंबूच्या आत शेगडी, कोळसा किंवा गॅसचा हीटर लावू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपेतच माणूस दगावतो. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायाशी ठेवा, तेवढं पुरतं.

बहुतेक जागांवर नळ, विजेचं कनेक्शन, टेबल आणि शेकोटीसाठी लोखंडी कडं असतं. गरम पाण्याची न्हाणीघरं जवळ असतात. जळाऊ लाकूड घरून नेऊ नका. त्यातून झाडांची कीड एका भागातून दुसऱ्या भागात जाते. तिथेच विकत मिळतं.

खाण्याचं सोपं ठेवा. पहिल्या रात्री घरून नेलेली कोरडी मिसळण वापरून मुगाची खिचडी, पापड शेकोटीवर. सकाळी भाजणीची थालीपीठं, जाड बुडाचा तवा मात्र न्या. कयाकवर न्यायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाच्या वड्या: सांडत नाहीत, खराब होत नाहीत, मुलं आवडीने खातात. रात्री झोपताना सगळं खाणं, रिकामे डबे आणि टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद करा. रकून नावाचे मांजराएवढे प्राणी कूलरची झाकणं उघडतात, आणि तंबूत चिवड्याची पिशवी राहिली तर कापड फाडून आत येतात.

कयाक: आधी काठावर

नवख्यांनी वरून उघडी, रुंद, दोन माणसांची कयाक घ्यावी. उलटायची शक्यता कमी, आणि उलटलीच तरी माणूस आत अडकत नाही. जड माणूस मागे बसतो आणि दिशा तोच सांभाळतो. पुढच्याने लय धरायची. मागच्याने पुढच्याबरोबरच वल्हं मारायचं, नाहीतर वल्ही एकमेकांवर आपटतात. उजवीकडे वळायचं तर डावीकडून लांब, कमानीसारखा फटका. थांबायचं तर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने उलटं वल्हं. हे सगळे प्रकार काठाजवळच्या उथळ पाण्यात वीस मिनिटं करून बघा, मगच पुढे जा.

लाइफ जॅकेटबद्दल मी अजिबात तडजोड करणार नाही. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार सहा वर्षांखालच्या मुलांनी चालत्या होडीत ते घातलेलं असलंच पाहिजे, आणि इतरांसाठी प्रत्येकी एक होडीत असलं पाहिजे. पण आपल्यापैकी अनेकांना शहरातल्या तलावात दोन-चार हात मारण्यापलीकडे पोहता येत नाही. म्हणून पाण्यावर असेपर्यंत आईबाबांसह सगळ्यांनी ते अंगावर ठेवा, बंद आवळून. मुलाच्या जॅकेटचे खांदे धरून वर उचला. ते हनुवटीच्या वर सरकलं तर माप मोठं आहे, बदलून घ्या. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी बांधा.

जीन्स नको. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि वाऱ्यात हुडहुडी भरते. पटकन वाळणारी पँट, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, वरून वाऱ्याला अडवणारं जॅकेट, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. पोलराइज्ड गॉगल प्रत्येकाला घ्या, स्वस्तातला चालेल. पाण्यावरची चकाकी निघून गेली की खालचं सगळं दिसायला लागतं. गॉगल नसेल तर दोन फुटांवरची मॅनटीही नजरेतून सुटते.

मार्ग ठरवताना जाताना प्रवाहाच्या किंवा वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमलेली मुलं घेऊन परतताना पाणी मदत करतं. किंग्ज बे आणि चॅसहोविट्स्का समुद्राला जोडलेले आहेत, तिथे भरती-ओहोटीच्या वेळा बघून निघा. मुलं बरोबर असतील तर दोन तास पुष्कळ झाले.

पाण्यावर मॅनटी कशी ओळखावी

आधी आवाज येतो. नाकपुड्या उघडताना ‘फुस्स’ असा, जोरात सोडलेल्या श्वासासारखा. मॅनटी साधारण तीन ते पाच मिनिटांनी श्वास घ्यायला वर येते, विश्रांती घेत असेल तर वीस मिनिटांपर्यंतही खाली राहू शकते. दुसरी खूण पाण्यावर असते: शेपटीच्या प्रत्येक फटक्यागणिक वर एक गुळगुळीत वर्तुळ उमटतं, जेवायच्या ताटाएवढं. अशी तीन-चार ताटं ओळीने दिसली की समजा, मॅनटी त्या दिशेने चालली आहे. तिच्या मागे जाऊ नका. बाजूला थांबा.

कयाकच्या खालीच आली तर? वल्हं उचलून मांडीवर आडवं ठेवा, खाली बसून राहा, बोलणं हळू. ती कयाकला नाक घासेल, दोर चाखून बघेल, कधी खालून हलकासा धक्का देईल. घाबरायचं कारण नाही, ती आक्रमक नसते. मात्र तिला ढकलायला वल्हं पाण्यात घालू नका, आणि मुलांचे हात आत. तळाशी निजलेल्या मॅनटीच्या बरोबर वर कयाक नेऊ नका. तिला श्वासाला वर यायचं असतं.

मुलांना काय शोधायचं ते आधी सांगून ठेवलं की ती कंटाळत नाहीत. मॅनटीचे जवळचे नातेवाईक हत्ती आहेत, म्हणून पुढच्या वल्ह्यासारख्या हातांवर नखं दिसतात का ते बघायला सांगा. पिल्लू आईच्या हाताच्या मागे, काखेशी चिकटून दूध पितं. ते आईबरोबर एक ते दोन वर्षं राहतं. मॅनटीला दोन ते पाच वर्षांतून एकदाच पिल्लू होतं, म्हणून आई आणि पिल्लाच्या मधून कयाक कधीच न्यायची नाही. आपल्याकडे कच्छच्या आखातात आणि तमिळनाडूजवळच्या पाल्कच्या उपसागरात जे डुगाँग उरले आहेत, तेही मॅनटीचे नातेवाईकच. घरी आल्यावर मुलांना नकाशात ती ठिकाणं दाखवा.

पाठीवर समांतर पांढरे व्रण दिसतील. ते मोटारबोटींच्या पंख्यांचे आहेत. ब्लू स्प्रिंगमध्ये संशोधक हिवाळ्यात सकाळी छोट्या होडीतून हजेरी घेतात आणि एकेक मॅनटी तिच्या व्रणांवरून ओळखतात.

काय करायचं नाही

हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, पाणी पाजायचं नाही, पाठलाग करायचा नाही, घेरायचं नाही. दोर आणि बोये लावून आखलेल्या जागेत माणसाने, कयाकने, पोहणाऱ्याने, कुणीच शिरायचं नाही. मॅनटीला त्रास देणं हा केंद्राच्या आणि राज्याच्या अशा दोन्ही कायद्यांखाली गुन्हा आहे. केंद्राच्या कायद्यात ५० हजार डॉलरपर्यंत दंड आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

दंडापेक्षा कारण मुलांना समजावणं मला महत्त्वाचं वाटतं. माणसाकडून पाणी किंवा पाला मिळतो हे एकदा कळलं की मॅनटी बोटींकडे जायला लागते, आणि बोटींच्या धडकेने दरवर्षी अनेक मॅनटी मरतात. २०१७ मध्ये मॅनटीचा दर्जा ‘संकटग्रस्त’वरून एक पायरी खाली आणला गेला. पण २०२१ मध्ये फ्लोरिडात सुमारे ११०० मॅनटी मेल्या. पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये प्रदूषणामुळे शेवाळ माजलं, तळापर्यंत ऊन पोहोचेना, समुद्री गवत मेलं आणि हिवाळ्यात त्या उपाशी राहिल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात सरकारी यंत्रणांनी एका ठिकाणी त्यांना लेट्यूस घातलं होतं. मुलं ते व्हिडिओ दाखवून ‘आपणही घालू’ म्हणतील. ते काम फक्त यंत्रणांचं होतं, हे सांगा.

त्यांच्याबरोबर पोहावं का?

क्रिस्टल रिव्हर परिसरात हे कायदेशीर आहे. ऊब टिकवणारा वेटसूट घालून, डोळ्यांवर मुखवटा आणि तोंडात स्नॉर्केल म्हणजे श्वासाची नळी लावून, पाण्यावर आडवं तरंगत राहायचं आणि मॅनटीने जवळ यायचं का ते तिलाच ठरवू द्यायचं. तिथल्या थ्री सिस्टर्स स्प्रिंग्जमध्ये १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात कयाक नेता येत नाही, बाहेर बांधून पोहत जावं लागतं. फार थंडी पडली की पोहणाऱ्यांसाठीही तो बंद करतात. काठावरच्या पायवाटेवरून मात्र तेव्हाही बघता येतं.

लहान मुलं असतील तर पहिल्या सहलीत पोहू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. गार वाऱ्यात, मुखवट्यात पाणी गेल्यावर मूल हातपाय झाडतं. त्यात मॅनटी बिथरते, मूल घाबरतं, आणि दोघांचीही सकाळ वाया जाते. सहज तरंगता यायला लागलं की पुढच्या हिवाळ्यात जा, आणि तेव्हा परवानाधारक मार्गदर्शक बरोबर घ्या.

मगरी आणि जखमी मॅनटी

अ‍ॅलिगेटर जातीच्या मगरी या पाण्यांत असतात. हिवाळ्यात त्या मंद असतात आणि दुपारी काठावर ऊन खात पडतात. साठ फूट अंतर ठेवा, काठावरच्या गवतात मुलांना एकटं सोडू नका, आणि अंधार पडायच्या आत पाण्यातून बाहेर या.

एखादी मॅनटी एका कुशीवर कलंडलेली, सारखी धापा टाकत असलेली, दोरात किंवा गळाच्या तंगूसमध्ये अडकलेली, किंवा आईविना एकटंच पिल्लू दिसलं, तर स्वतः काही करायला जाऊ नका. राज्याच्या वन्यजीव विभागाला १-८८८-४०४-३९२२ या क्रमांकावर फोन करा, जागा नीट सांगा आणि माणसं येईपर्यंत लांबून लक्ष ठेवा. काठाला लागलेली मॅनटी परत पाण्यात ढकलू नका. काहींच्या शेपटीला पट्टा आणि त्याला तरंगती नळी बांधलेली दिसेल. ते माग काढायचं यंत्र आहे, अडकलेलं दावं नव्हे. ते सोडवायचं नाही.

थंडी पडलीच नाही तर

असंही होतं. आरक्षण महिनोन्‌महिने आधीचं आणि त्या आठवड्यात दुपारी २७ अंश. अशा वेळी मॅनटी नदीभर पांगलेल्या असतात. ब्लू स्प्रिंगला असाल तर सूर्योदयालाच पायवाटेवर जा. तेव्हाही काही सापडतात. मग कयाक घेऊन सेंट जॉन्सच्या कडेच्या गवताळ पट्ट्यांजवळ शांतपणे थांबा, कारण चरायला त्या तिथेच येतात. सिट्रस काउंटीत असाल तर क्रिस्टल रिव्हरच्या दक्षिणेला वीस मिनिटांवर होमोसासा स्प्रिंग्ज वाइल्डलाइफ स्टेट पार्क आहे. तिथे झऱ्यात उतरवलेली, काचेच्या खिडक्यांची खोली आहे. त्यातून पाण्याखालचा झरा आणि त्यातले मासे समोरासमोर दिसतात, आणि उपचारांनंतर सांभाळलेल्या मॅनटी असतील तर त्याही.